दुसऱ्या पुकाऱ्याला हजर

हजेरीत आपलं नाव आलं की मोतीराम ढोले गप्प बसतात. कान शाबूत आहेत, बसलेलेही पहिल्याच बाकावर असतात, पण तोंडातून शब्द नाही. मॅडम चष्म्यावरून बघतात आणि पुन्हा पुकारतात, "मोतीराम आत्माराम ढोले!" मग हे गृहस्थ सावकाश उठतात, सदऱ्याची घडी सारखी करतात आणि खिडकीतली चिमणी उडून जाईल अशा आवाजात म्हणतात, "हजर!"

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं होतं, "काका, ऐकायला कमी येतं का?"

"नाही मॅडम. पन मी हाय का नाही, हे ठरवाले जरा टाईम लागते. तत्त्वज्ञान घेतलं नं."

वर्ग हसला. मी हसले नाही. मला तीनच्या आत घरी पोचायचं होतं आणि या माणसापायी रोज हजेरीची दोन मिनिटं वाया जात होती.

मोतीराम ढोले हे नाव आमच्या सोनाळ्यात कोणाला सांगून बघा, माहीत नाही म्हणतील. "कंट्रोलर" म्हणा, लहान पोरगंही घर दाखवील. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून जन्मभर माईकवर गावांची नावं पुकारली. रिटायर झाले, तरी कोणतीही गोष्ट दोनदा सांगायची सवय गेली नाही. दुकानात "साखर अर्धा किलो, साखर अर्धा किलो" म्हणतात. दुकानदार एक किलो देतो, की भांडण.

पासष्टाव्या वर्षी त्यांनी बी.ए.ला नाव घातलं. विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं केंद्र संग्रामपूरच्या, म्हणजे तालुक्याच्या, एका शाळेत शनिवारी-रविवारी भरतं. विषय घेतले राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान, दोन्ही एकदम. का, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं.

"राज्यशास्त्र सांगते, गाडी कोन चालवते, तिकीट कोन फाडते, फुकट कोन जाते. तत्त्वज्ञान इचारते, जायचंच काऊन? एक घेतलं अन् दुसरं सोडलं, तं मानूस अर्ध्या रस्त्यात उतरते."

हे "जायचंच काऊन?" गावाला पाठ झालं आहे. लग्नाची वरात दारावरून गेली, की हे ओट्यावरून नवरदेवाला विचारणार. मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारलं, तेव्हा तो चहा अर्धा ठेवून निघून गेला. ग्रामसभेत सार्वजनिक नळाचा ठराव आला, तर हे उभे राहिले, "साहेब, सार्वजनिक म्हंजे कोन कोन? नावं सांगा." ग्रामसेवकानं घाम पुसला. गंमत म्हणजे नावं खरोखर चारच निघाली, आणि नळ त्या चौघांच्या गल्लीतून शाळेजवळ आला. तेवढ्यापुरतं मीही मानलं. पण चार लोकांत त्यांच्याशेजारी बसायचं मी टाळते.

माझं कारण साधं होतं. मी अंगणवाडी सेविका. पदवी असली की मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसता येतं. मला पदवी हवी होती, तत्त्वज्ञान नको होतं. ते घेतलं कारण त्याची पुस्तकं सगळ्यांत पातळ होती. हजेरीत माझं नाव अर्धं झालं की मी "हजर" म्हणून मोकळी होते.

दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, मॅडमनी नोटीस वाचून दाखवली. ज्या विषयाला दहा विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात दिसणार नाहीत, त्याचे तास तालुक्याला बंद होऊन बुलढाण्याला हलणार. तपासणीला विद्यापीठाचे साहेब येत्या रविवारी येणार. राज्यशास्त्राला पोरं भरपूर, पोलीसभरतीवाली. तत्त्वज्ञानाला आम्ही अकरा, त्यातली एक बाळंतपणाला माहेरी.

म्हणजे बरोबर दहा. एकही जास्तीचा नाही.

बुलढाणा म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस. मला ते जमणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलं आणि मुख्यसेविकेची परीक्षाही गेली. मॅडमची तर नोकरीच या तासांवर. त्यांनी नोटीस घडी घालून पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

तो आठवडा मी माणसं बांधण्यात घालवला. कोणाची कपाशी वेचायची राहिली होती, कोणाकडे साखरपुडा होता. दोघांच्या घरी मी स्वतः गेले. एकाच्या आईला सांगितलं, "काकू, रविवारी याले सोडा, नाही तं मी अंगणवाडीतून तुमच्या नातवाले घरी धाडतो." असं बोलायला नको होतं, पण काम झालं. कंट्रोलरांना मात्र काहीच सांगितलं नाही. दीड वर्षात त्यांनी एक तास चुकवला नव्हता. त्यांची काळजी करायची मला गरजच वाटली नाही. माझी चूक तिथे झाली.

रविवारी अकराला नऊजण बसलेले. दहावा, संजय नावाचा सलूनवाला, सव्वाअकराला आला, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून. तो बाकावर टेकला आणि साहेब आत आले. बारीक अंगाचे, घाईतले. त्यांना दुपारपर्यंत आणखी दोन केंद्रं करायची होती. रजिस्टर मॅडमच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच नावं वाचायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर. पेन टिकटिक चालत होतं.

"मोतीराम आत्माराम ढोले."

पेन थांबलं.

मला तेव्हा कुठे कळलं की आता काय होणार आहे. मी मागच्या बाकावरून त्यांच्या बाकाला पाय मारला. ते ढिम्म. समोर बघत, हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या पुकाऱ्याची वाट बघत बसले होते.

"गैरहजर," साहेब म्हणाले, पेन फिरलं, आणि पुढचं नाव आलं. ते माझंच होतं. माझा "हजर" पूर्ण नाव वाचून झाल्यावर कसाबसा निघाला.

शेवटी साहेबांनी मोजलं. "नऊ. मॅडम, दहा लागतात, माहीत आहे ना?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "साहेब, दुसऱ्यांदा पुकारा नं."

"तुम्ही कोण?"

"मोतीराम आत्माराम ढोले."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"एकदा पुकारल्यावर गाडी हालत नाही, साहेब. पॅसेंजर पानी भरत असते, कोनी लघवीले गेलं असते. दुसरा पुकारा द्याच लागते."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "इथं गैरहजर लागली आहे. खोडाखोड चालत नाही."

आता त्यांनी खाली बसावं, असं मी मनात देवाला म्हणत होते. ते उभे राहिले.

"मी तुमाले दिसून राह्यलो का नाही?"

"दिसताय."

"मंग मोठं कोन साहेब, मी का रजिस्टर? तत्त्वज्ञान म्हनते, मी. राज्यशास्त्र म्हनते, रजिस्टर. आमी दोन्ही शिकून राह्यलो, तुमीच सांगा."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. ती टिक सगळ्या वर्गानं ऐकली. संजय कुजबुजला, "गेलं बे! फुकट गिऱ्हाईक सोडून आलो."

मी उभी राहिले. तत्त्वज्ञान मला नीट येत नाही, पण रजिस्टर येतं. वीस वर्षं पोरांच्या हजेऱ्या भरल्या आहेत आणि तपासणीला आलेले डझनभर साहेब पाहिले आहेत.

"सर, खोडू नका. शेऱ्याच्या रकान्यात लिहा, 'उशिरा प्रतिसाद, प्रत्यक्ष खात्री केली', अन् खाली सही करा. आमच्या रजिस्टरला असंच चालतं. वरचे विचारत नाहीत. उलट तपासणी बारकाईनं झाली असं दिसतं."

शेवटचं वाक्य कामाला आलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, टोपण काढलं. मग मान वर न करता, कोरड्या आवाजात म्हणाले, "मोतीराम आत्माराम ढोले."

"हजर!"

खिडकीतली चिमणी उडाली.

परतीच्या ऑटोत कंट्रोलर "बाई, बाई" करत होते, मी बाहेर बघत होते. निम्मा रस्ता गेल्यावर मला राहवलं नाही.

"काका, आज सगळ्यायचं वर्ष बुडत होतं. एक डाव, फक्त एक डाव लगेच बोलले असते तं काय झालं असतं? अन् ते गाडीचं, पॅसेंजरचं मले सांगू नका."

त्यांनी पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बोटानं सारखं केलं.

"भान राह्यलं नाही बाई. चुकलं माह्यं." मग खालच्या आवाजात, "गावात मी कंट्रोलर. पुन्याचं पोरगं पप्पा म्हनते. बुढी होती तवा 'अवो, आयकता का' म्हने. आता तेही नाही. मोतीराम म्हनून आवाज देनारं मले इथं सोडून कोनी नाही. शनिवारी एक, रविवारी एक. दुसऱ्यांदा पुकारलं तं चार होतात."

हे त्यांनी एकदाच सांगितलं. दोनदा नाही.

अशा वेळी काय बोलायचं ते मला जमत नाही, आणि सोनाळा आलंच होतं.

बुधवारी अंगणवाडी सुटल्यावर मी त्यांच्या गल्लीतून निघाले. गृहभेटी करायच्या होत्या, रजिस्टर हातात होतं. त्यांचं दार उघडं होतं, आतून रेडिओ चालू. मी ओट्याखाली उभी राहिले आणि पुकारलं, "मोतीराम आत्माराम ढोले!"

माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला भरगल्लीत पूर्ण नावानं हाक. समोरची बाई सूप तसंच हातात घेऊन दारात आली. रेडिओ बंद झाला. आतून उत्तर नाही.

मी दुसऱ्यांदा पुकारलं.

"हजर!"

ते दारात आले. हाताला बेसन लागलेलं होतं. माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि जाळीच्या खोलीतून पुकारायचे तशा ठणठणीत आवाजात म्हणाले, "रेखा प्रल्हाद तायडे!"

घरी मी आई, अंगणवाडीत बाई, आणि आमच्या घरधन्याची "अवं".

मी लगेच "हजर" म्हटलं नाही.