दोष कायम, निरीक्षण चालू

वाहन वापरल्याने खराब होतं. आजवर जगात जेवढ्या म्हणून गाड्या बिघडल्या, त्या सगळ्या कुणी ना कुणी वापरलेल्या होत्या. हे सत्य इतकं उघड आहे की मोठमोठ्या अभियंत्यांचं त्याकडे दुर्लक्ष झालं. झालं नाही ते फक्त एका गृहस्थांचं.

हे गृहस्थ वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. तराजूच्या पारड्यावर दुकानदाराचा अंगठा टेकला असेल तर तो त्यांना रस्त्यावरूनच दिसे. गल्लीत त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ते थोडं ढोबळ वाटे.

निवृत्तीच्या महिन्यात मिलिमीटरांनी एक नवी कोरी राखाडी गाडी घेतली आणि पत्नीला म्हणाले, "आता सांग, कुठे जायचंय? म्हणशील तिथे नेतो." त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणते. काकूंना विचार करावा लागला नाही. त्यांना पुलापलीकडे जायचं होतं, थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे. अंतर नऊ किलोमीटर. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या आणि मध्ये पुलाच्या बासष्ट पायऱ्या चढायच्या. काकूंच्या गुडघ्यांना त्यांतल्या बारा मान्य होत्या.

"तपासणी तेवढी होऊ दे," मिलिमीटर म्हणाले. "मग निवांत जाऊ."

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची.

आता तपासणीविषयी. प्रत्येक गाडी वर्षातून एकदा तपासणी केंद्रात न्यावी लागते. तिथे तिचे त्रेचाळीस मुद्दे पाहिले जातात आणि ती 'रस्त्यावर चालण्यास योग्य' असल्याचा दाखला मिळतो. केंद्र मोठं शिस्तीचं आहे. त्याचं फाटक बिजागरीतून निखळलेलं असून तारेने बांधलेलं आहे, आणि तपासनीसांच्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्याने त्याखाली घडी घातलेला अर्ज ठेवलेला आहे. (केंद्राचीच तपासणी करण्याची तरतूद नियमांत नाही, आणि ते योग्यच आहे. तपासणाऱ्यालाच तपासत बसलं तर लोकांची कामं कधी व्हायची?)

मिलिमीटरांनी नियमावली तीनदा वाचली आणि त्यांना त्यातलं मर्म सापडलं. गाडी वापरली तर ती झिजणार. झिजली तर तपासणीत नापास होणार. नापास झाली तर ती रस्त्यावर आणता येणार नाही, म्हणजेच वापरता येणार नाही. तेव्हा गाडी वापरता यावी अशी इच्छा असेल, तर ती न वापरणं हाच एक सरळ मार्ग उरतो.

त्यानुसार वर्षाची आखणी झाली. तपासणीनंतरचे चार महिने गाडीला विश्रांती. पुढचे चार महिने देखरेख. शेवटचे चार महिने तयारी. या वेळापत्रकात अक्कांकडे जायला सोयीचा असा दिवस काही केल्या निघेना. मिलिमीटरांनी मनापासून शोधला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

अकरा वर्षांचा हिशोब कुणालाही हेवा वाटावा असा होता. बिघाड शून्य. पंक्चर शून्य. ओरखडे शून्य. एकूण प्रवास एकशे एकोणऐंशी किलोमीटर : त्यातले तीन दुकानातून घरापर्यंतचे, बाकीचे तपासणीला जाण्यायेण्याचे. टायरांवरचं रबराचं जावळसुद्धा अजून उतरलं नव्हतं.

गाडीला काही सुखं नव्हती असं नाही. दर रविवारी सकाळी मिलिमीटर तिच्यावरची चादर काढत, इंजिन सुरू करत आणि जागच्या जागी अकरा मिनिटं चालवत. तेव्हा काकूंना शेजारच्या सीटवर बसायला मिळे. (चपला बाहेर. काचा बंद, कारण धूळ.) समोर शेजाऱ्यांची भिंत दिसे. भिंत दर रविवारी तीच असे, पण काकू केस विंचरून बसत.

त्या भिंतीचा मालक एक पेंटर होता. त्याची गाडी दरवर्षी दोनदा नापास होई आणि बाकीचे सगळे दिवस गावभर हिंडे. मिलिमीटर एकदा तापाने फणफणले, तेव्हा ते त्याच गाडीतून, मांडीवर रंगाचा डबा घेऊन दवाखान्यात गेले होते. स्वतःची गाडी त्यांनी काढली नाही. आजारी माणसाने नव्या गाडीत बसू नये, एवढं त्यांना कळत होतं.

"काका, मी सोडतो ना काकूंना पुलापलीकडे," पेंटर म्हणे. "माझी तर रोजची चक्कर आहे."

"तुझ्या गाडीचं दार दोरीनं बांधलंय."

"दोरी नवी आहे, काका."

"आणि दार?"

यावर पेंटर दोरीची गाठ जरा आवळी, आणि काकू घरात जाऊन अक्कांना फोन लावत. अक्कांना फोनवर ऐकू येत नसे. गेल्या सहा वर्षांत दोघी बहिणींचं बोलणं "काय?" आणि "काही नाही गं" यापलीकडे गेलं नव्हतं. शिवाय अक्कांच्या घरापासून दोन दारं सोडून गाडीच्या कंपनीचं अधिकृत दुरुस्ती केंद्र होतं. तिथल्या ठोकाठोकीत तो "काय?"सुद्धा अर्धाच पोचे.

"कसला गं आवाज हा?" काकूंनी एकदा विचारलं होतं.

"काय?" अक्का म्हणाल्या होत्या. (उत्तर शेवटी पेंटरने दिलं; त्याची रोजची चक्कर त्याच रस्त्यावरून असे.)

यंदाचं वर्ष मोठ्या मानाचं होतं. सलग बारा वर्षं पहिल्याच फेरीत पास होणाऱ्या गाडीला 'अखंड पात्र' अशी पितळी पट्टी द्यायची, असा नियम होता. पट्टी एकोणीस वर्षांपूर्वी करवून घेतलेली होती. ती घ्यायला अद्याप कुणी आलं नसल्याने तपासनीस तिचा कागदांवर वजन म्हणून उपयोग करत. मिलिमीटरांनी तिची लांबी-रुंदी नजरेने घेऊन ठेवली होती आणि गाडीवर ती कुठे बसेल तिथे पेन्सिलीने चार ठिपके दिले होते. (नंतर पुसले. ठिपके म्हणजे डागच.)

तपासणीच्या दिवशी काकू नेहमीप्रमाणे बरोबर निघाल्या. नियम एकतीसप्रमाणे ब्रेकचे दिवे तपासताना मालकाने तपासनीसाशेजारी गाडीच्या मागे उभं राहायचं असतं, म्हणून ब्रेक दाबायला एक 'सहायक व्यक्ती' लागते. अकरा वर्षं काकू ही सहायक व्यक्ती होत्या, आणि तीच त्यांची सहल होती. यंदा त्यांच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली एक विणलेला स्वेटर होता. तो त्यांनी अक्कांसाठी सहा वर्षांपूर्वी पूर्ण केला होता.

बेचाळीस मुद्दे गाडीने असे पार केले की तपासनीस दोनदा चष्मा पुसून आले. टायरांवरचं जावळ पाहायला बाजूच्या रांगेतली माणसं जमली. उरला एक मुद्दा. काकू चालकाच्या जागी सरकल्या. मिलिमीटर मागे जाऊन उभे राहिले, छाती किंचित पुढे.

"दाबा ब्रेक!" तपासनीस म्हणाले.

दिवे लागले नाहीत.

"दाबा, काकू!"

नाहीच लागले.

"अगं, दाब!" मिलिमीटरांचा आवाज चिरकला.

काकू ताठ बसल्या होत्या. काचेतून समोर तारेने बांधलेलं फाटक दिसत होतं आणि त्यापलीकडे पुलाकडे जाणारा रस्ता. त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर सपाट टेकलेला होता.

तपासनीसांनी लिहिलं : मागचे दिवे, नाहीत. मग पितळी पट्टी उचलली, तिच्याखालचा नापासाचा अर्ज काढला आणि पट्टी परत ठेवली. मिलिमीटर त्या आखूड पायाच्या खुर्चीत बसले, आणि खुर्ची त्यांच्यासकट कलली.

काकूंना विचारून पाहावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ज्या बाईने अकरा वर्षं सांगितलं तेव्हा आणि सांगितलं तेवढंच दाबलं, तिच्यावर संशय घेण्यापेक्षा विजेवर घेणं सोपं होतं. (खोटं बोलायचं नाही, हा काकूंचा रोजचा नेम होता. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. न विचारलेल्या प्रश्नांना नेम लागू होत नाही.)

नापास गाडी फक्त कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रापर्यंत नेता येते. तसा परवाना घेऊन गाडी पुलावर चढली. प्रत्येक खड्ड्याला मिलिमीटरांच्या तोंडून "आई गं" निघत होतं. काकूंनी काच खाली केली. धूळ आत आली.

दुरुस्ती केंद्रातल्या मिस्त्रींनी आत बसून स्वतः ब्रेक दाबला.

"लागतायत की दिवे!"

"तिथे लागले नाहीत," मिलिमीटर म्हणाले. "मी या डोळ्यांनी पाहिलं."

"मग कधीमधी उपटणारा दोष. हा सगळ्यात वाईट, साहेब. डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो, तसला. ठेवून बघावं लागेल. दर गुरुवारी आणा."

काकू तोवर दोन दारं ओलांडून गेल्या होत्या.

"काय?" दार उघडून अक्का म्हणाल्या.

"काही नाही गं," काकू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "मी आलेय."

असे सात गुरुवार गेले. दोष सापडेना. एका माणसाने सात वेळा शोधूनही जो सापडत नाही, तो दोष किती खोलवर असेल, या विचाराने मिलिमीटर अस्वस्थ होत. वेळ घालवायला म्हणून ते अक्कांकडे बसू लागले. तिथे त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा सोळा ग्रॅमने आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटांनी सुधारलं. सहा वर्षांपूर्वीचा स्वेटर अक्कांना जरा घट्ट झाला होता. तो किती, हेही त्यांनीच मोजून सांगितलं.

गाडीची मात्र रया गेली. टायरांचं जावळ उतरलं. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा आला. पेंटरच्या शिडीने एक ओरखडा दिला. (चौदा सेंटिमीटर, किंचित तिरका.)

"एक सांगू, साहेब?" सातव्या गुरुवारी मिस्त्री म्हणाले. "आली तेव्हा ही खोकत होती. आता घसा मोकळा झालाय."

त्यांनी पत्र दिलं : 'दोष आढळला नाही, तरी दुरुस्त केला.' त्याच्या जोरावर गाडी दुसऱ्या फेरीत पास झाली. या वेळी काकूंनी पहिल्याच हाकेला ब्रेक दाबला. तपासनीसांनी पितळी पट्टी कागदांवर नीट बसवली. सुटल्यासारखे दिसले. वजनासाठी दुसरं काही शोधावं लागलं नाही.

घरी आल्यावर मिलिमीटरांनी चादर हातात घेतली, पण घातली नाही.

"जरा बस आत," ते म्हणाले. "दाब."

दिवे लागले.

"सोड. दाब. सोड. दाब."

एकोणीस वेळा लागले, एकोणीस वेळा विझले. मिलिमीटर मागे उभे राहून तो लाल उजेड बघत होते. चौतीस वर्षं पारड्यावर टेकलेला अंगठा त्यांना रस्त्यावरून दिसला होता. ब्रेकवर न टेकलेला पाय दिसायला सात आठवडे लागले.

ते काकूंच्या खिडकीशी आले.

"अगं, त्या दिवशी..."

"विचारा ना," काकू शांतपणे म्हणाल्या. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

मिलिमीटरांनीही त्या भिंतीकडे पाहिलं. या खिडकीतून ती त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. रविवारी ते आरशात बघत. भिंत बरीच मोठी होती, आणि तिच्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ते घरात गेले, गाडीची वही घेऊन आले आणि बॉनेटवर टेकून (पहिल्यांदाच) लिहू लागले.

"काय लिहिताय?"

"दिव्यांचा भरवसा नाही. गुरुवारी दाखवून यायला हवं." त्यांनी तारीख घातली आणि खाली लिहिलं : दोष कायम, निरीक्षण चालू.

अशीही माणसं असतात, म्हणून तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. फक्त हसताना, ज्या सोफ्यावर बसून हे वाचताय त्याचं दुकानातलं प्लास्टिक कुरकुरत तर नाही ना, तेवढं पाहा. आणि उठलातच तर त्या वरच्या फळीवरच्या सहा कपांकडेही एक नजर टाका. चांगल्या माणसांसाठी म्हणून ठेवलेत ना ते? ती माणसं आत्ता तुमच्या स्वयंपाकघरात, कान तुटलेल्या कपातून चहा पितायत.