नंतर आठवण करा

धाकट्या नातीचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षी आमच्या घरात संगणकाचा रोग शिरला. हा रोग नेहमी दुसऱ्याच्या घरी होतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमच्याकडे तो पत्ता चुकून आला असावा.

घरात संगणकांचे तीन पंथ होते. थोरल्या मुलाचा सगळ्यांकडे असतो तसला; त्यावर दोन अँटिव्हायरस (ते दिवसभर एकमेकांनाच पकडत). सूनबाईंचा महागडा; "आमच्याला व्हायरस लागतच नाही हो, बाबा." धाकट्याचा फुकटातल्या प्रणालीवर चालणारा. तो म्हणे, "चोराला दार सापडायला तर हवं!" (धाकट्यालाही ते अजून सापडलेलं नाही.)

तिघांचं संगणकातलं एक सामाईक कपाट होतं: एकाने फाइल ठेवली की तिघांकडे आपोआप जाई. त्यात मोलाची वस्तू एकच. बायकोने मला एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकवली, त्यातल्या एका धड्याचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. तिच्या माघारी तिचा आवाज तेवढाच उरला होता.

एका दुपारी थोरल्याच्या पडद्यावर सूचना आली: "आपल्या संगणकात ४१७ व्हायरस आहेत. सफाईसाठी इथे दाबा." थोरला स्वच्छतेचा भोक्ता. त्याने दाबलं. कपाटातल्या प्रत्येक फाइलला कुलूप लागलं. बाकीच्या दोन संगणकांना खरोखरच काही झालं नाही. त्यांनी ती कुलुपं तत्परतेने आपल्याकडे उतरवून घेतली आणि ठणठणीत राहिले.

"दादा, वाचलंस तरी का?" धाकटा ओरडला.

"वाचायला वेळ कुठे होता? चारशे सतरा होते!"

सूनबाई रडवेल्या झाल्या. "बाबा, आईंचा आवाज गेला हो."

मी उठून चष्म्याच्या डब्यातून पेनड्राइव्ह काढला. सहा महिने तिन्ही पडद्यांवर रोज एक चौकट येत होती: "आपल्या फाइलींची वेगळी प्रत ठेवलेली नाही." घरगुती पाहणीनुसार थोरल्याने 'नंतर आठवण करा' १८३ वेळा दाबलं, सूनबाईंनी १८१ वेळा (दोन दिवस माहेरी), आणि धाकट्याने चौकट येणंच बंद करून टाकलं (तो जाणकार). मी उशिरा शिकलेला. अक्षर दिसलं की सोडवत नाही. सूनबाईंच्या पडद्यावरची चौकट पाऊण तास बसून वाचली आणि सांगितलं होतं तसं केलं.

पेनड्राइव्ह धाकट्याच्या संगणकाला लावला.

"अहो, जोडाक्षर आलं की पळता कुठे? ओळ संपेपर्यंत बोट उचलायचं नाही!" बायकोचा आवाज कडाडला.

तिघांनीही आपापली बोटं मांडीवर ठेवली.

तुम्ही सुज्ञ आहात; तुमच्या पडद्यावरची चौकट तुम्ही वाचलीच असणार. तरी मधल्या ओळी गाळून थेट इथे उतरलेल्यांच्या सोयीसाठी सांगतो: आवाज वाचला. बायको वारली ती नातीचे दात पडण्याच्या आदल्या वर्षी, एका बुधवारी सकाळी.