ज्योतीरामचा बसचा परवाना

चाकणच्या एका कंपनीच्या स्टाफ बसचे जुने चालक चिमाजी निवृत्त झाले, तेव्हा वाहतुकीचे कंत्राटदार अर्जुनराव यांनी टेम्पोचालक ज्योतीरामला बोलावून घेतलं आणि आता बस तू चालव, असं सांगितलं. अट एकच होती. मोठ्या प्रवासी वाहनाचा परवाना काढून आणायचा. ज्योतीराम मूळचा बीडकडचा. अकरा वर्षं तो चाकणहून तळेगावला सुटे भाग पोहोचवत होता आणि या अकरा वर्षांत त्यानं एकदाही सिग्नल तोडला नव्हता. हा त्याचा दोष अर्जुनरावांच्या तेव्हा लक्षात आला नाही.

परवान्याला महिना-दीड महिना लागेल असा अंदाज होता. तोवर बस उभी ठेवता येत नाही, म्हणून ती तात्पुरती माऊलीकडे देण्यात आली. माऊली खालुंब्र्याकडच्या शेतकरी घरातला, ट्रॅक्टरवर हात बसलेला गडी. त्याच्याकडे बसचा परवाना नव्हता. पण तो तात्पुरताच असल्यामुळे त्याला परवाना लागतो, असं कोणालाच वाटलं नाही.

ज्योतीरामनं शिकाऊ परवाना काढला आणि एका मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. स्कूलची बस मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. तिला इंजिन नव्हतं आणि टपावर घोसाळ्याचा वेल चढला होता. ज्योतीराम महिनाभर, शिफ्ट सुटली की, त्या बसमध्ये बसून गिअर टाकत असे. मालकांना त्याचं फार कौतुक वाटलं. बाकीचे विद्यार्थी नुसतं बसायलासुद्धा येत नसत, असं ते म्हणाले. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना सारखंच मिळालं.

मग चारित्र्याचा दाखला. ज्योतीरामबाबत कोणतीही नोंद आढळत नाही, असं पोलिसांनी लिहून दिलं. परिवहन कार्यालयातल्या शालनबाईंनी तो कागद दोनदा वाचून परत केला. नोंद आढळत नाही याचा अर्थ नोंद उपलब्ध नाही, आणि नोंद उपलब्ध नसेल तर चारित्र्य तपासायचं कशावरून, असा त्यांचा मुद्दा होता. गुन्हा असता तर निदान काही ठरवता आलं असतं, असंही त्यांनी सहानुभूतीनं सांगितलं. सात महिन्यांनी पोलिसांनी ‘नोंद नसल्याची नोंद घेण्यात आली आहे’ असा दाखला दिला आणि चारित्र्य मार्गी लागलं.

तोपर्यंत शिकाऊ परवान्याची मुदत संपली होती. ज्योतीरामनं नवा काढला. पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नव्या परवान्याच्या आधीचं निघालं. म्हणजे त्यानं विनापरवाना प्रशिक्षण घेतलं, असा निष्कर्ष निघाला. तो पुन्हा महिनाभर घोसाळ्याच्या वेलाखाली जाऊन बसला.

या सगळ्यात त्याच्याकडे कोणीही लाच मागितली नाही, हे इथे मुद्दाम नमूद करायला हवं. मागितली असती तर काम झालं असतं, असं तो पुढे म्हणत असे.

चाचणीला बस आपली आपण आणायची असते. अर्जुनरावांनी कंपनीची बस दोन तासांसाठी दिली. शिकाऊ माणसानं एवढी मोठी बस हमरस्त्यावरून न्यायची कशी, म्हणून ती माऊलीनं आणली. फाटकातून आत घेऊन त्यानं ती उलटी, एका दमात, दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली. निरीक्षक व्हरांड्यातून बघत होते. गाडी अशी लावता आली पाहिजे, असं त्यांनी ज्योतीरामला बजावलं. मग बसमध्ये चढून त्यांनी रिकाम्या आसनांकडे पाहिलं आणि प्रवासी नसलेल्या वाहनाला प्रवासी वाहन कसं म्हणायचं, असं विचारून पुढची तारीख दिली. ती पाच महिन्यांनंतरची होती.

त्या तारखेला ज्योतीराम रात्रपाळी करून सुटलेल्या वीस जणांना विनवून घेऊन आला. निरीक्षकांचा चेहरा गंभीर झाला.

“शिकाऊ परवान्यावर प्रवासी वाहता? हा गुन्हा आहे.”

“साहेब, बस मी नाही आणली. माऊलीनं आणली.”

“मग चाचणी यांचीच घ्यायला हवी. यांचा अर्ज कुठाय?”

“मला न्हाई पायजे परवाना,” माऊली म्हणाला. “माझं चाललंय.”

निरीक्षकांना हे उत्तर समाधानकारक वाटलं. ज्योतीरामला त्यांनी नापास केलं आणि पुन्हा पुढची तारीख दिली. पुढच्या तारखाही अशाच गेल्या.

तिसऱ्या वर्षी, एका सकाळी, देहूफाट्याच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. माऊलीनं नेहमीप्रमाणे बस उलट्या बाजूला घातली. समोरून डंपर आला आणि बस दुभाजकावर चढली. तिसऱ्या आसनावर ज्योतीरामची बायको सुप्रिया होती. ती त्याच कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आणखी दोघींना डोक्याला टाके पडले. ज्योतीराम दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिला. कार्यालयाचा, माऊलीचा, अर्जुनरावांचा कोणाचाच राग त्याला नीट करता येईना. आपण परवाना वेळेत काढला असता तर हिचा हात शाबूत असता, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

चौकशी झाली. अपघाताचं कारण ‘परवानाधारक चालकाचा अभाव’ असं निश्चित करण्यात आलं. माऊली तात्पुरता असल्यामुळे त्याच्यावर कायमस्वरूपी कारवाई करता आली नाही. ज्योतीरामचा अर्ज मात्र वरून आदेश येताच निकाली निघाला. या वेळी चाचणीला बस, प्रवासी, घोसाळी यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. अकराव्या दिवशी परवाना घरपोच आला. अर्ज केल्यापासून तीन वर्षं दोन महिने झाले होते.

पहिल्या दिवशी ज्योतीरामनं रावेतपासून एकेक थांबा घेतला. सिग्नलला थांबला. फाट्यावर रांग होती, तर रांगेत उभा राहिला. बस कंपनीच्या दारात नऊ मिनिटं उशिरा पोहोचली. दुसऱ्या दिवशीही नऊ मिनिटं. पहिला आठवडाभर लोक गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात, बाजूनं मोकळं असताना हा मुद्दाम थांबतो, अशी कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात अर्जुनरावांकडे एक अर्ज आला. चालक अकार्यक्षम असून त्याला वाहन चालवण्याचा पुरेसा अनुभव नाही, तरी पूर्वीचा अनुभवी चालक परत द्यावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली एक्केचाळीस सह्या होत्या. टाके पडलेल्या दोघींच्याही होत्या.

एक सही वेडीवाकडी, डाव्या हातानं केलेली होती. ज्योतीरामनं ती ओळखली आणि अर्ज घडी घालून परत दिला.

“तूसुद्धा केलीस?” घरी त्यानं विचारलं.

सुप्रिया एका हातानं पीठ मळत होती. “सगळ्यांनीच केली,” ती म्हणाली. “तुम्ही चालवता चांगलं, ते काय मला कळत नाही का? पण उशिरापायी माझे तीन खाडे लागले, अहो.”

तिच्या पुढची परात ओढून घेऊन त्यानं उरलेलं पीठ मळलं.

सोमवारपासून ज्योतीराम टेम्पोवर परत गेला. परवाना त्याच्याकडे आहे आणि तो अजून बरीच वर्षं वैध आहे. बस माऊली चालवतो, तात्पुरती. ती रोज वेळेच्या आधी पोहोचते आणि अजून एकाचीही तक्रार आलेली नाही. येणार तरी कशी? आज सकाळी तुमची गाडी रांग सोडून उलट्या बाजूनं पुढे निघाली, तेव्हा तुम्हालाही बरंच वाटलं होतं.