परीक्षेला बसण्याचे योग्य वर्ष

परीक्षा देणे सोपे आहे. ती कोणत्या वर्षी द्यावी हे ठरवणे कठीण. पहिल्या कामाला तीन तास लागतात. दुसऱ्याला आमच्या घरी पाच वर्षे लागली, आणि तरीही ते घाईत उरकले असा आरोप आमच्यावर कुणी केलेला नाही.

१९७९ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रिसोडला आमच्या घरी, या विषयावरची अकरावी बैठक झाली. विषय मी होते. वय वीस, इयत्ता दहावी. दहावी करून वाशीमच्या कॉलेजात जायचे, एवढेच माझे म्हणणे होते. (वाशीम तेव्हा तालुका होता. जिल्हा व्हायला त्यानेही योग्य वर्षाची वाट पाहिली.) अध्यक्ष माझे वडील नथमल, म्हणजे बाऊजी, सदस्य काका कस्तुरचंद, आणि तज्ज्ञ म्हणून केनवडचे माणिकराव. माणिकराव मॅट्रिकला सहा वेळा बसले होते. एकाच फेरीत पास झालेल्या माणसाला परीक्षेतले काय कळणार, तो तर एकदाच आत जाऊन बाहेर आलेला, असे बाऊजींचे मत होते आणि ते खोडून काढणे अवघड आहे. आईला सदस्यत्व नव्हते, पण दारात उभे राहून बोलायची मुभा होती. इतिवृत्त मी लिहीत असे, कारण घरात माझे अक्षर सगळ्यांत चांगले. पहिली ओळ दर वेळी हीच : ‘उमेदवार हजर (उभी).’

दिवस अगदी साधा होता. दुसऱ्या दिवशी बाऊजी गेले, म्हणून तो मला मिनिटामिनिटाने आठवतो. नाहीतर आधीच्या दहा बैठकांसारखा तोही विसरले असते.

बाऊजींचा धान्याचा व्यापार. तूर केव्हा विकू नये हे रिसोडच्या बाजारात त्यांच्याइतके कुणाला कळत नसे. तीच बुद्धी त्यांनी माझ्यासाठी वापरली, आणि कसर ठेवली नाही. पंच्याहत्तर साली मी सोळा वर्षांची होते, आणि शाळेतल्या बाकी मुलींबरोबर परीक्षेला बसायला मोकळी होते. पण त्याच वर्षी जुनी अकरावी जाऊन नवी दहावी आली.

“नवा वान पयल्या साली आपल्या वावरात पेरत नाहीत,” बाऊजी म्हणाले. “दुसऱ्याच्या वावरात पाहा लागते.”

“आन् जुने अकरावीवालेबी याच साली बाहेर पडून राह्यले, शेठ,” माणिकराव म्हणाले. “दोन सालाचा माल एकाच दिवशी मंडीत. भाव कोन देईन?”

ठराव एकमताने मंजूर झाला. (उमेदवाराला मत नव्हते.)

फॉर्म मात्र दरवर्षी भरला जाई. माल बाजारात नेऊन ठेवावा. विकायचा की परत आणायचा ते तिथला रंग पाहून ठरवावे, ही आमच्या धंद्याची रीत. त्यामुळे हॉल तिकीट दरवर्षी येई. पेपरच्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, शाई भरलेले पेन घेऊन ओसरीवर बसत असे, कारण शेवटच्या घटकेला बाजार उचल खाईल ही शक्यता नाकारता येत नव्हती. अकरा वाजता केंद्रावरची घंटा ऐकू येई. मग मी पेनातली शाई परत दौतीत ओती.

शहात्तर सालासाठी समितीने आकडेवारी मागवली. आदल्या वर्षी आमच्या गल्लीतून सात जण बसले होते, त्यांपैकी पाच पास. हे प्रमाण चिंताजनक होते. इतके पास झाले, म्हणजे पेपर सोपे होते; आणि सोपे गेले हे ध्यानात आल्यावर बोर्ड पुढच्या वर्षी कठीण काढणार. झालेही तसेच. शहात्तर साली गल्लीतल्या नवांपैकी सहा नापास झाले आणि समितीचा दबदबा वाढला. पण आता हे सहा जण वर्षभर अभ्यास करून सत्याहत्तर साली चिडून येणार होते, आणि चिडलेल्या माणसांच्या शेजारी मुलीला बसवणे बाऊजींना बरे वाटेना. शिवाय त्या मार्चमध्ये निवडणूक. मास्तर लोक मतपेट्या वाहून थकणार, आणि थकलेला माणूस गुणांची बेरीज चुकतो. (माणिकरावांचे सहाही निकाल अशाच बेरजांतून आले होते.) अठ्ठ्याहत्तर साली सरकारी नोकरांचा संप लांबला, तेव्हा बैठक सात मिनिटांत आटोपली.

“अवो, लोकं मले इचारतात, पोरगी कितवीत हाये,” आई दारातून म्हणाली. “मी चार सालापासून दहावीत सांगून राह्यली.”

“मंग खरं तेच सांगून राह्यली ना?” बाऊजी म्हणाले. “त्याच्यात लाजाचं काय काम?”

मधल्या काळात उमेदवार रिकामी नव्हती. गावच्या वाचनालयातली सगळी पुस्तके मी वाचली. (कुक्कुटपालनावरची दोन सोडून. सत्याहत्तर साली तीही वाचली.) गल्लीतल्या मुलींना दहावीचे गणित शिकवले. त्यातल्या चौघी पास झाल्या. पोस्टमन किसनसिंगांची शकुंतला तर पास होऊन, पुढचे शिक्षिकेचे शिक्षण आटोपून शाळेत लागलीसुद्धा, आणि एकोणऐंशीच्या परीक्षेत आमच्याच केंद्रावर तिला पर्यवेक्षणाचे काम मिळाले. अकराव्या बैठकीपुढचा मुख्य आक्षेप हाच होता.

“आपल्या पोरीजवळ शिकलेली बाई वर्गात उभी राहीन,” काका म्हणाले. “लोक म्हनतीन, कॉपी पुरवली.”

“कोन कोनाले पुरवन?” आई म्हणाली. “हे त् तिची मास्तरीन हाये.”

समितीने मुद्दा अधिक विचारासाठी राखून ठेवला. काकांनी एवढे मात्र नोंदवायला लावले की, हे वर्ष हुकले तर परीक्षेचा विषय कायमचा बंद करून स्थळे पाहावीत. ते मी सुवाच्य अक्षरात नोंदवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कोणत्याही इतिवृत्तात नाही. बाऊजी स्वतः एकदा मॅट्रिकला बसले होते. निकाल तेव्हा वर्तमानपत्रात येई, आणि वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने. आजोबांना दुपारपर्यंत दम निघाला नाही. त्यांनी सकाळीच गावभर पेढे वाटले. दुपारी पेपर आला. त्यात बाऊजींचा नंबर नव्हता. पेढे कुणी परत आणून दिले नाहीत. आमच्या घरी तेव्हापासून पेढा येत नाही, बर्फी येते. हे मला आईने सांगितले होते, आणि मला ते माहीत आहे हे मी बाऊजींना कधी कळू दिले नाही.

त्या रविवारी संध्याकाळी माणिकराव केनवडच्या एसटीला गेले, काका दुकानात गेले. बाऊजी माझे पाचवे हॉल तिकीट हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, “बाई, तुले काय वाटते? बसतं का यंदा?”

पाच वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा निघाला होता. उत्तर माझ्याजवळ पाच वर्षे तयार होते. पण मी म्हटले, “तुमी म्हनसान तसं, बाऊजी.”

त्यांनी हॉल तिकिटाची घडी घातली. “पाहू मंग. सकाळी ठरवू.”

इतिवृत्तात मी लिहिले : ‘विषय सकाळपर्यंत तहकूब.’

सकाळी ते मंदिरात जाऊन आले, दुकानाचे कुलूप काढले आणि गादीवर बसल्या बसल्या गेले. डॉक्टरांना यायला वीस मिनिटे लागली. ती लागली नसती तरी फरक पडला नसता, असे डॉक्टर म्हणाले. बाऊजींनी आयुष्यात घाईने केलेले हे एकच काम.

तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे सांत्वनाची बैठक, झाला. भेटायला आलेले लोक उठून गेल्यावर घरचे आणि माणिकराव तेवढे राहिले. माणूस गेलेल्या घरात काय बोलावे हे कुणाला सुचत नाही. आमच्याकडे ती अडचण नव्हती.

“आता यंदाचा त् सवालच नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. ते तीन दिवस नीट जेवले नव्हते, हेही लिहिले पाहिजे. “तुह्यं मन लागनार नाही, बाई. दादा गेला आन् पोरगी नापास झाली, असं लोकायनं म्हनाव काय? सहा महिन्यानं एखांदं चांगलं स्थळ पाहू.”

“न्हाईत् मंग पुढचं साल,” माणिकराव म्हणाले. “ऐंशी. गोल आकडा हाये.”

आई दारात नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती.

“मी यंदा बसनार हाये, काका,” मी म्हटले. “नापास झाली तरी चालन मले.”

दहा माणसे बसली होती, त्यांतल्या एकानेही हे वाक्य कुठल्या घरात ऐकलेले नसावे. मग मी काकांकडे न पाहता, जरा मोठ्याने म्हटले, “बाऊजी, मी पंच्याहत्तर सालीच नापास झाली असती, तरी चाललं असतं. मी तुमाले तसं सांगाले पायजे होतं.”

माणिकराव उठले. “आमाले असं कोनी म्हनू देलं नाही, पोरी,” ते म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर गेले.

मार्चमध्ये मी सगळे पेपर दिले. शकुंतला माझ्या बाकाजवळून जाताना दर वेळी आदराने पदर सावरी, एवढा एकच गैरप्रकार झाला.

निकाल काय लागला, हे विचारल्याशिवाय वाचकांना आता राहवणार नाही. ज्यांना तो प्रश्न पडला नसेल त्यांनी खुशाल घरी जावे. बाकीच्यांना कळवण्यात येते की, समितीत सध्या अध्यक्षांची जागा रिकामी आहे; त्यांनी अर्ज करावा.