सोफा उद्या नक्की

फोन खाली ठेवला तेव्हा सोफेवाल्यांचा चेहरा पार उतरला होता. बायकोने शिलाई मशीनवरचं पाऊल थांबवलं.

"अहो, झालं काय?"

"मदतनिधीच्या ऑफिसातून कारकुनाचा फोन होता. घर बघायला येतायत. आज. आत्ता. त्यांच्या बाई निघाल्यासुद्धा!"

लेकीला, म्हणजे घरच्या चिमणीला, जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. जागा मिळाली, पण फी आणि वसतिगृहाचा खर्च ऐकून बापाने खुर्ची शोधली होती, आणि घरात खुर्ची नसल्यामुळे तो फोमच्या गठ्ठ्यावर बसला होता. अशा मुलांना मदत करणारा एक निधी होता. अर्ज भरला, सही केली. आता निधीचं माणूस येऊन घर बघणार, अर्जात लिहिलंय ते खरं की खोटं ते ठरवणार, आणि त्यावर चिमणीचं कॉलेज अवलंबून. पैसे भरायची शेवटची तारीख महिनाअखेर. दुसरा कुठला दरवाजा ठोठावायला उरलाच नव्हता.

"मग येऊ दे की," बायको म्हणाली. "आपल्या घरात लपवण्यासारखं आहे काय?"

असं म्हणून तिने खिडकीकडे पाहिलं. सोफेवाल्यांनीही पाहिलं.

खिडकीखाली तो होता. मरून रंगाचा, मखमली, तीन माणसांचा, गुबगुबीत हातांचा सोफा. एका खोलीच्या त्या घरात तो एखाद्या पाहुण्या राजासारखा पसरला होता.

सोफा अर्थातच गिऱ्हाइकाचा. दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल आणि त्यामागे पोट आत घेऊन उभा राहणारा मालक, एवढीच जागा. त्यामुळे मोठं काम आलं की सोफेवाले ते घरी आणत. आता एक गोष्ट सांगायला हवी. जन्मभर लोकांचे सोफे करणाऱ्या या माणसाच्या घरात स्वतःचा सोफा कधीच नव्हता. हा मरून मात्र तयार झाला आणि नेमकी चिमणीची परीक्षा तोंडावर आली. पोरगी एका संध्याकाळी त्यावर पुस्तक घेऊन बसली, ती उठलीच नाही. खिडकीचा उजेड, पाठीला टेकू, मांडीवर वही. सकाळी बाप पोचवायला म्हणून सोफा उचलायला गेला, तर पोर छातीवर पुस्तक ठेवून झोपलेली. त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, उद्या नक्की."

ते 'उद्या' काही उजाडलं नाही. परीक्षा संपली, मग प्रवेशाची परीक्षा आली, मग सवयच लागली. दर वेळी सोफेवाले फोन घेऊन गॅलरीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि रडवेल्या आवाजात काहीतरी सांगायचे. आधी कापड आलं नाही. मग बायकोचं ऑपरेशन. मग दुकानात पाणी शिरलं. मग मशीनची मोटर जळाली. आणि परवाच, टेम्पोवाल्याचं लग्न. यातलं बायकोला काडीचंही ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकाचं नावही सोफेवाल्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना माणसं सोफ्यांवरून आठवत. फोनमध्येसुद्धा नावं तशीच: 'निळा कोपऱ्याचा', 'मोडका दिवाण', 'मरून तीन सीटर'. मरूनवाल्या बाईंच्या भावाने सोफा टेम्पोत घालून पाठवला होता, बाकी सगळा व्यवहार फोनवर. नाव विचारायची वेळ आलीच नाही.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काका निवृत्त इलेक्ट्रिशियन. घरात दिवा गेला तरी यायचे आणि आला तरी यायचे.

"पाहणीला येतायत, आणि हा सोफा?" काका ऐकून ओरडले. "अरे, वेडा आहेस का? माझ्या भाच्याचा अर्ज कशावरून गेला माहितीये? भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवरून! मखमल बघितली की त्या बाई उंबऱ्यातूनच मागे फिरतील. माझ्याकडे नेऊन ठेव. चल, उचल!"

"काका, गिऱ्हाइकाचा आहे म्हणून सांगायचं ना सरळ," चिमणी म्हणाली.

"सगळे तेच सांगतात, बाळ."

झालं. सोफ्यावर चादर टाकली, दोरीने आवळली. पुढे काका, मागे सोफेवाले, मध्ये बायको, आणि "अहो बाबा, मापं तरी घ्या!" म्हणत चिमणी. दारातून सोफा तिरका करून कसाबसा निघाला, जिन्यावर आला, सात-आठ पायऱ्या उतरला आणि वळणावर कठडा आणि भिंत यांच्यामध्ये गच्च बसला.

"डावीकडे घे!"

"काका, डावीकडे भिंत आहे!"

"मग उजवीकडे!"

"उजवीकडे तुम्ही आहात!"

तेव्हा सोफेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोफा वर आणला तेव्हा तो नुसता लाकडी सांगाडा होता, हात वेगळे. हात त्यांनी घरात बसवले, वर फोम चढवला, वर मखमल ठोकली. हा सोफा अखंड या जिन्यातून कधी आलाच नव्हता, तर जाणार कसा!

काका भिंतीला चिकटून खाली सटकले, "पान्हा आणतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच. त्याच वेळी खालून चपलांचा आवाज आला. धापा टाकत कुणीतरी वर येत होतं. सोफ्यापलीकडे केसांचा एक अंबाडा तेवढा दिसला.

"वर जायचंय," अंबाडा म्हणाला. "मी मदतनिधीकडून आलेय. डॉक्टरकीला जागा मिळालेली मुलगी इथेच राहते ना?"

सोफेवाल्यांच्या हातापायांतलं बळ गेलं. बायकोचं गेलं नाही म्हणून बरं, कारण सोफ्याचं वजन त्या क्षणी तिच्याच खांद्यावर होतं.

"हो... म्हणजे... या ना. म्हणजे थांबा."

"हे काय नेताय?"

"हे? कपाट," सोफेवाले म्हणाले.

"बाबा!" चिमणी कळवळली. "सोफा आहे, मॅडम. पण आमचा नाही. गिऱ्हाइकाचा आहे."

पलीकडून एक दमलेला सुस्कारा आला. "हे बघा, मी रोज हेच ऐकते. टीव्ही मेहुण्याचा, फ्रीज शेजाऱ्यांचा, गाडी मित्राची. मी यायच्या वेळेला तुम्ही चादरीत गुंडाळून सोफा पळवताय, आणि तो म्हणे गिऱ्हाइकाचा. काय लिहू मी आता?"

ऐकून सोफेवाल्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलत होते... म्हणजे दुसऱ्या प्रयत्नात, आधी कपाट म्हणाले होते... आणि पोरीचं कॉलेज डोळ्यांदेखत जिन्यावरून खाली चाललं होतं.

"मॅडम, शपथेवर सांगतो! गिऱ्हाइकालाच विचारा ना! आत्ता तुमच्यासमोर फोन लावतो. स्पीकरवर टाकतो. तुम्ही आपल्या कानांनी ऐका!"

त्यांनी एका हाताने सोफा धरून दुसऱ्या हाताने 'मरून तीन सीटर' दाबलं.

आणि सोफ्यापलीकडच्या पर्समध्ये फोन वाजला.

"एक मिनिट हं, मला फोन येतोय," अंबाडा म्हणाला. "हॅलो?"

"हॅलो मॅडम!" सोफेवाले सवयीने रडव्या आवाजात म्हणाले. "तुमचा सोफा निघालाय बरं का! अगदी रस्त्यातच आहे!"

पलीकडून एक हात पुढे आला, दोरीची गाठ सुटली, चादर ओढली गेली आणि मरून मखमल उघडी पडली.

"माझा सोफा!"

हा आवाज मात्र सोफेवाल्यांनी बरोबर ओळखला. इतका वेळ ओळखला नव्हता, कारण या बाईंचा रागाशिवायचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. बाईंनीही यांचा रडका सोडून दुसरा आवाज कुठे ऐकला होता!

"म्हणजे ते तुम्ही? ते 'उद्या नक्की'वाले तुम्ही? आणि तुमच्या बायकोचं ऑपरेशन झालं ना? कशा आहेत त्या?"

"माझं ऑपरेशन?" एकटीच्या खांद्यावर अर्धा सोफा पेललेली बायको म्हणाली. "कसलं हो माझं ऑपरेशन?"

"आणि दुकानात पाणी?"

"आमच्या दुकानात? आमच्या नळालासुद्धा पाणी नसतं!"

बाईंचा आवाज आता कोरडा झाला. "अर्जात लिहिलंय, घरात सगळ्यांची तब्येत उत्तम. फोनवर ऑपरेशन. दोन्हींपैकी एक खोटं आहे. तुमच्यासारख्या माणसाच्या अर्जावर मी विश्वास कसा ठेवायचा? खोटी माहिती आढळली की अर्ज तिथल्या तिथे बाद होतो, माहितीये ना?"

सोफेवाल्यांनी मान खाली घातली. "अर्जातलं खरं आहे, मॅडम. फोनवरचं सगळं माझं पाप. त्याची शिक्षा मला द्या, पोरीला नको. सोफा केव्हाचा तयार होता."

"मग दिला का नाहीत?"

चिमणी दोन पायऱ्या उतरून पुढे आली. "माझ्यामुळे. मी त्याच्यावर बसून अभ्यास केला. आमच्याकडे बसायला दुसरं काही नाही. बाबा रोज सकाळी सोफा न्यायला यायचे, मला झोपलेली बघायचे आणि परत जायचे. मी जागी असायचे. मला तेव्हाच उठायला हवं होतं, पण... छान वाटायचं हो त्याच्यावर."

सोफेवाल्यांनी लेकीकडे बघितलं. ती जागी असायची, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंनी मखमलीवरून हात फिरवला. "हे केस कसले?"

"खालच्या काकांच्या मांजरीचे. तिचा पाय मोडला होता. मी बांधला." चिमणी घाबरत म्हणाली. "ब्रशने निघतात, मॅडम."

"चालते का ती?"

"मॅडम, ती आता काकांपेक्षा नीट जिना चढते."

बाईंनी पदर खोचला. "चला, आधी हा वर चढवा. मला घर बघायचंय. मी खालून रेटते."

अशा रीतीने पाहणीला आलेल्या बाईंनी घाम गाळत आपलाच सोफा अर्जदाराच्या घरात पोचवला. वर आल्यावर त्यांनी खोलीभर नजर टाकली: मशीन, फोम, पुस्तकांची चळत, भिंतीला उभी केलेली गादी. बसायला जागा शोधली. मग मुकाट्याने सोफ्यावर बसल्या आणि कागदावर बराच वेळ लिहीत राहिल्या. निघताना त्यांनी विचारलं, "सोफा कधी?"

"उद्या नक्की!" सोफेवाले बोलून गेले आणि बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते म्हणाले, "म्हणजे... हात सोडवायला लागतील. रविवारी. मी स्वतः घेऊन येतो. आणि मॅडम... निकाल कधी?"

बाईंनी चपला घातल्या. "उद्या," त्या म्हणाल्या. "नक्की."

रविवारी सोफा खरोखर पोचला. धंद्यात दिलेल्या वारी काम पोचवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. निकाल मात्र येईना. सोफेवाल्यांनी भीत भीत फोन केला.

"अहो, कागद आला नाही अजून," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी पुन्हा केला. साहेबांच्या बायकोचं ऑपरेशन होतं म्हणे. सोफेवाले हळहळले, लवकर बऱ्या होऊ देत म्हणाले. पुढच्या फोनला कळलं की ऑफिसात पाणी शिरलंय.

"अहो," बायको म्हणाली, "हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत नाही?"

सोफेवाल्यांना घाम फुटला. दुसरीकडे बाजूच्या गल्लीतल्या एका मुलाला निधीचं नकाराचं पत्र आलंसुद्धा होतं. महिनाअखेर जवळ येत होती. चिमणी तोंडाने काही बोलत नव्हती, पण खिडकीखालच्या रिकाम्या जागेत फरशीवर बसून राहायची. पुढच्या फोनला प्रिंटरची मोटर जळाली होती. त्या रात्री सोफेवाले जेवलेच नाहीत. नकार द्यायचा तर सरळ देतील ना बाई, की अजून राग गेला नसेल?

शेवटी राहवेना. त्यांनी गॅलरीत जाऊन फोन लावला, या वेळी दार उघडं ठेवून.

"मॅडम, मीच. सोफेवाला. ते पत्राचं..."

"काय सांगू तुम्हाला," पलीकडून अगदी रडवेला आवाज आला. "पत्र तयार आहे हो. पण आमच्या शिपायाचं लग्न निघालंय!"

सोफेवाल्यांनी फोन छातीशी धरला आणि लहान मुलासारखे हसत घरात आले.

"काय झालं? काय म्हणाल्या?" बायको आणि चिमणी एकदमच उठल्या.

"चिमणे, बॅग भरायला घे!" ते म्हणाले. "माझीच कारणं मला ऐकवत लग्नापर्यंत आल्यात बाई. त्याच्यापुढचं कारण माझ्याकडेसुद्धा नव्हतं!"