दात बघितले का, पाव्हणं?

मस्तगडात एका कापडाच्या दुकानावर पाटी हाय, 'जालन्यातलं सगळ्यात जुनं दुकान'. माझा साडू त्या दुकानात शिरला, गादीवरच्या शेठला रामराम घातला अन् म्हणला, "शेठ, जरा दात दाखवा."

शेठनं घाबरून खरंच तोंड उघडलं.

मी बाहेर रिक्षात होतो. अशा टायमाला मी वळख दाखवत न्हाई. मीटरकडं बघत बसलो. माझ्या रिक्षाला मीटरच न्हाई, ही गोष्ट अलग.

साडूचं नाव सांडू. आमच्या भोकरदनकडं हे नाव बरंच चालतं, पण साडूच सांडू निघावा हे नशीब माझं एकट्याचं. एकदा चौकात पोलिसानं विचारलं, "मागं कोण?" मी म्हणलं, "साहेब, साडू सांडू." तो म्हणला, "फुंक मार."

तर हे सांडूभाऊ पिंपळगाव रेणुकाईचे. सारी उमर मेंढरामागं गेली. पन्नाशी वलांडल्यावर मेंढरं पोराच्या हवाली केली अन् म्हणले, मी कॉलेज करतो. माझी बायको त्यांची सख्खी मेव्हणी, त्यामुळं मुक्काम आमच्या घरी. सकाळी पांढरा फेटा, खांद्यावर दप्तर, अन् मी त्यांना रिक्षानं सोडायला. वर्गातल्या पोरी त्यांना 'आबा' म्हणतात अन् डब्यातला ठेचा वढून खातात. मी शाळा तिसरीत सोडली. खरं तं मास्तरानंच हात जोडले होते.

शेवटच्या वर्षाला एक संशोधन करावं लागतं. सांडूभाऊंनी विषय घेतला, मोबाईलवर मेंढरांच्या औषधाच्या वेबसाइटी हायेत त्यातल्या खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या. त्यांच्या शेळके मॅडमनं शिकवलं की कोणतंबी पान वाचायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. कधी लिहिलं, कोणी लिहिलं, कुठून आणलं. सांडूभाऊ म्हणले, "मॅडम, हे तं बाजारात मेंढी घेतल्यावानी झालं. दात बघा, उमर कळती. कानाची खूण बघा, मालक कळतो. अन् माय बघा, मंग वाण कळतो."

झालं. त्या दिवसापासून घरात कोणाला सुखानं काही बोलता येईना. बायको म्हणली, "आज पाणी येणार हाय नळाला." हे म्हणणार, "दात बघितले का? कधी म्हणले? कोण म्हणलं?" लग्नाची पत्रिका आली तं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वर बोट ठेवून म्हणले, "याची माय कोण?" मी मोबाईलवर आलेलं काहीबी त्यांना वाचून दाखवायचो. केळ्याच्या सालीनं टक्कल जातं, असलं. ते एकच सांगायचे, "पाव्हणं, बिनदाताची मेंढी हाय ही. सोडा."

मी सोडली न्हाई. इथंच माझा घात झाला.

रिक्षावाल्याला उन्हाळ्यात एक दुखणं असतं. जिथं बसायचं तिथंच होतं, समजून घ्या. खाजवून खाजवून जखम झाल्ती. मोबाईलवर एक झकास पान सापडलं. 'जनावर असो का माणूस, जखमेवर लिंबू पिळा.' अक्षरं जुळवून जुळवून वाचलं, जल्दीनं लिंबू कापलं, मोरीत गेलो अन् पिळलं.

मोरीतून मी बाहेर कसा आलो ते मला आठवत न्हाई. शेजाऱ्यांना आठवतं. बायको म्हणली, "मेंढरालाबी कळलं आसतं." मंग रिक्षा उभ्यानं चालवायला लागलो. एक म्हातारी बसता बसता उतरली अन् म्हणली, "बाबा, तूच बस मागं, तुला गरज हाय."

सांडूभाऊ हसले न्हाईत. त्यांनी ते पान बघितलं अन् डोळे बारीक केले. म्हणले, "पाव्हणं, हे लिंबू न्हाई. हा लिंब हाय."

आता आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब. लिंबाचा पाला उकळायचा अन् त्या पाण्यानं मेंढराची जखम धुवायची, हे आमचं घरचं औषध. कोण्या दूरच्या शहाण्यानं 'लिंबाचा पाला' वाचलं, त्याला वाटलं लिंबू, अन् पाला काढून त्यानं रस घातला. त्याचं बघून दुसऱ्यानं लिहिलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. सांडूभाऊ त्या पानांच्या मागं लागले. सगळ्यांनी 'मेंढी' च्या जागी 'मेंठी' लिहिलेलं. म्हणले, "सगळी एकाच मायची पिल्लं. कानाची खूण तीच."

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे एक सर आल्ते. नापास झाले तं वरीस वाया, अन् घरी पोरगं म्हणून राह्यलं होतं की बाबा, बस झालं, या मेंढराकडं. सांडूभाऊंनी मला संगं नेलं. मला वाटलं आधाराला. न्हाई, पुरावा म्हणून नेल्तं.

सर म्हणले, "इतक्या वेबसाइटी लिंबू म्हणतात अन् तुम्ही एकटे न्हाई म्हणता?"

"सर, त्या इतक्या न्हाईत, एकच हाय. बाकीच्या सावल्या." मंग 'मेंठी' दाखवली. "अन् लिंबू पिळल्याचा दाखला मागं उभा हाय."

सर मला म्हणले, "अहो, बसा ना."

मी म्हणलं, "बसता येत न्हाई सर. संशोधन झालंय."

पोरी बाकावर डोकं ठेवून हसल्या. मॅडम तोंडाला पदर लावून राह्यल्या. सरबी हसले, पण हुशार माणूस. म्हणले, "मंग सगळ्यात जुनं पान कोणतं?"

सांडूभाऊंनी ते काढलं. त्यात लिंबाचा पाला बराबर होता. खाली लिहिलेलं, 'गावातल्या एका आजीनं सांगितलं.' अन् एक वळ जास्तीची होती, जी बाकीच्यांनी गाळली होती. 'आधी जनावराला नावानं हाक मारा, मग हात लावा.'

सर म्हणले, "आजी कोण? नाव न्हाई, गाव न्हाई. तुमच्याच नियमानं याची माय कोण?"

 सांडूभाऊ फेटा नीट करायला लागले, फेटा नीटच होता. मंग हळूच म्हणले, "सर, ही वळ माझी माय, गजराबाई, बोलायची. दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ऐकली न्हाई."

"पुरावा?"

"न्हाई, सर. म्हणून हे पान मी खऱ्यात टाकलं न्हाई. 'अजून विचारायचं' म्हणून बाजूला ठेवलंय. पान लिहिणाऱ्याला मेल धाडलाय."

मला वाटलं, मेलो. मायसाठी तरी खोटं बोलावं माणसानं! मी आसतो तं चार साक्षीदार उभे केले आसते, चौघंबी मीच.

सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणले, "आबा, याला संशोधन म्हणतात." अन् टाळी वाजवली. मंग सगळा वर्ग वाजवायला लागला. पोरींनी आबांना फेट्यासकट वढत बाहेर नेलं. कॉलेजात पहिला नंबर! त्या दिवशी मी मस्तगडापर्यंत हॉर्न सोडला न्हाई. लोकांना वाटलं ब्रेक फेल झाला.

परवा सांडूभाऊ रिक्षाच्या मागच्या शिटावर बसले होते. मी आता बसून चालवतो, पाल्याच्या पाण्यानं बराबर गुण आला. मागून मोबाईल पुढं आला. "पाव्हणं, हे जरा वाचा."

तेच जुनं पान, पण लिहिणाऱ्यानं खाली नवीन भर घातलेली. रिक्षा बाजूला घेतली अन् अक्षरं जुळवली. 'ही माहिती ग-ज-रा-बा-ई, पिंपळगाव रेणुकाई, यांनी मेंढरांच्या वाड्यावर राखण करताना सांगितली. नाव लिहायचं राहून गेलं होतं.'

"पुन्हा वाचा."

वाचलं.

"सावकाश. नाव मोठ्यानं."

वाचलं. आरशात बघितलं तं सांडूभाऊ फेट्याच्या शेवानं डोळे पुसून राह्यले. मला असलं सहन होत न्हाई, म्हणून चेष्टा केली. "काय हो, एवढ्यात भरोसा? दात बघितले का?"

"अहो पाव्हणं," ते म्हणले, अन् रडता रडता हसले, "तिला दात होतेच कुठं."