पंगत उठायच्या आत

लग्नाच्या पंगतीत पहिला घास लोक तोंडात घालतात. आमचे निकमसाहेब तो बाटलीत घालायचे. सफारीच्या खिशातून निर्जंतुक केलेली काचेची बाटली काढायची, तीत बासुंदी ओतायची, झाकण घट्ट फिरवायचं आणि वर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं, 'बासुंदी, मुलीकडची'. मुलीचा बाप हात जोडून पुढं आला की म्हणायचे, "घाबरू नका. रिपोर्ट येऊ द्या." रिपोर्टचं नाव ऐकून तो बिचारा जास्तच घाबरायचा.

बाटल्यांची पिशवी धरून मागे ओशाळं हसत उभा असलेला माणूस म्हणजे मी, साळवे. एम. एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र.

आम्ही दोघं चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका अन्न तपासणी प्रयोगशाळेत होतो. साहेब पिशोरचे, पाटलाच्या घरातले. कारखाने भराभर उभे राहत होते आणि त्यांचं दूध, लोणची, बिस्किटं आमच्याकडे तपासायला येत होती. जुन्या पद्धतीत काचेच्या बशीत जंतू वाढवायचा. तो डोळ्यांना दिसेपर्यंत दिवसच्या दिवस जायचे. "तवर खाणारा एक तर बरा होतो, नाय तर..." असं म्हणून साहेब थांबायचे. त्यांना रिपोर्ट पंगत उठायच्या आत हवा होता.

त्यासाठी त्यांनी नवी पद्धत धरली. जंतूच्या डीएनएचा नेमका तुकडा हेरायचा आणि त्याच्या नकला काढत राहायचं, इतक्या की तो दिव्याखाली चमकायला लागेल. हे करणारं यंत्र मंजूर झालं होतं, म्हणजे येणार नव्हतं. मग साहेबांनी तीन भांड्यांत कमीजास्त गरम पाणी ठेवलं आणि नळ्या एका भांड्यातून दुसऱ्यात हातानंच हलवायला सुरुवात केली. माझं काम घड्याळाकडे बघून "बदला!" असं ओरडण्याचं. एवढं शिकून मी इथवर पोचलो होतो. एकदा माझी डुलकी लागली आणि नळ्या कढत पाण्यातच राहिल्या.

"साळवे, जंतूचं जाऊ द्या," साहेब म्हणाले, "तुम्ही आपला आख्खा दिवस शिजवला."

तरी रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येऊ लागला. पंगतीतला नमुना निर्दोष निघाला की साहेबांचा चेहरा खुलायचा. फ्रिजमधला उरलेला नमुना ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बाटली स्वतः लख्ख धुऊन आणायचे. दुसऱ्या कुणाला ती धुवू देत नसत. मी याला शिस्त समजायचो.

त्याच सुमारास विद्यापीठाचं नामांतर झालं. त्यासाठी आमच्या वस्तीतल्या कितीकांनी वर्षानुवर्षं लाठ्या खाल्ल्या होत्या. मोर्चात मीही असायचो. घोषणेला माझा आवाज सगळ्यांत मोठा आणि लाठी दिसली की पाय सगळ्यांत चपळ. पण आनंद असा, जणू लढा मी एकट्यानंच जिंकला होता. त्या भरात मी सगळ्या प्रयोगशाळेला घरी जेवायला बोलावलं. एकाला उपास निघाला, एकाचं पोट बिघडलं, एकाची गंगापूरची मावशी अचानक आजारी पडली. निकमसाहेब तेवढे म्हणाले, "येतो की."

मला धडकीच भरली. हा माणूस माझ्या घरात बाटली काढणार! माझ्या घरचं अन्न आजवर पुष्कळांनी न तपासताच नाकारलं होतं. आज ते कुणी तपासायला नेलेलं मला सोसणार नव्हतं. बाटली निघाली की राजीनामा, असं मी ठरवलं. न्हाणीघरात त्याचं भाषणही पाठ केलं.

रविवारी दुपारी साहेब आले. सफारीचा खिसा फुगलेला होता. माझ्या बायकोनं, सुमननं, ताट वाढलं. साहेबांनी खिरीची वाटी उचलली आणि थेट तोंडाला लावली. मी बघतच राहिलो. मटणाचा रस्सा त्यांनी पुन्हा मागून घेतला. "लई झ्याक, वहिनी." मी भाषण विसरायला लागलो होतो, तेवढ्यात त्यांचा हात खिशात गेला आणि बाटली ताटाशेजारी आली.

मी ताडकन उभा राहिलो. "निकमसाहेब! आमच्या घरचं अन्न..." पुढचं वाक्य काही आठवेना.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली मान घालून बाटली सुमनपुढं सरकवली. "वहिनी, एवढीत थोडी खीर देता का? संध्याकाळी खातो."

"तपासायला नाही?" मी विचारलं.

"नाय हो. तपासायला चमचाभर पुरतं. उरलेलं मीच खातो की दर वेळी." ते बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "मंडळी वारल्यापासून घरात गोडधोड नाय. लग्नात घरी न्यायला कसं मागणार? नमुना म्हटलं की कुणी काय म्हणत नाय. अन् रिपोर्टला उशीर झाला की नासतं."

"मग आज?"

"इथं मागायची लाज नाय वाटली."

मी उभाच होतो. उभं राहायला काहीतरी कारण हवं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. डोळे पुसले आणि घरातला सगळ्यांत मोठा डबा घेऊन आलो.

तेव्हापासून लग्नाला निघताना माझ्या पिशवीत दोन बाटल्या असायच्या, छोटी नमुन्याची आणि मोठी साहेबांची. मुलीचा बाप हात जोडून पुढं आला की मीच म्हणायचो, "घाबरू नका, रिपोर्ट येऊ द्या. आणि बासुंदी जरा सढळ हातानं वाढा."